लॉग दुसऱ्या मशीनवर पाठवा: आरसिसलॉगची पहिली मांडणी

व्हार-लॉग या फोल्डरमध्ये लिनक्स आपल्या लॉगच्या, म्हणजे घडामोडींच्या नोंदींच्या, फाइली ठेवतो. त्यांची एक मूळचीच अडचण आहे. ज्या मशीनबद्दल त्या सांगतात, त्याच मशीनवर त्या राहतात. डिस्क गेली की ती का गेली हे सांगणारा लॉगही गेला. क्लाउडवरचं मशीन कुणी डिलीट केलं की त्याचा सगळा इतिहास सोबत गेला. आणि कुणी आत घुसून रूट मिळवलं असेल, तर लॉगिनच्या नोंदींची फाइल रिकामी करायला त्याला एक कमांड पुरते.

१९८६ साली कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टॉल या खगोलशास्त्रज्ञाला संगणक-वापराच्या हिशेबात ७५ सेंटांची तफावत दिसली आणि तिच्या मागे जाता जाता एक घुसखोर सापडला. त्याच्यावर नजर ठेवायला स्टॉलने बाहेरून येणाऱ्या लाइनींना प्रिंटर जोडले. घुसखोराला संगणकावरची कुठलीही फाइल पुसता येत होती, पण कागदावर उमटलेलं पुसता येत नव्हतं. आपण तेच करणार आहोत, फक्त प्रिंटरच्या जागी दुसरा सर्व्हर.

हा लेख ज्यांना एसएसएचने सर्व्हरवर जाता येतं, नॅनो किंवा व्हीआयमध्ये फाइल बदलता येते आणि सुडो मिळालेलं आहे अशांसाठी आहे. उदाहरण उबुंटू आणि डेबियनचं घेतलंय. लॉग सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.१०.५ धरू आणि त्याच नेटवर्कवरचे बाकीचे सर्व्हर त्याच्याकडे लॉग पाठवतील. कमांड, फाइलींची नावं आणि आकडे इथे देवनागरीत आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी कीबोर्ड लावा, आकड्यांसाठीसुद्धा.

सिसलॉगची तोंडओळख

सिसलॉग म्हणजे प्रोग्रामांचे मेसेज गोळा करून लॉगमध्ये लिहिणारी यंत्रणा. ती १९८० च्या दशकात बर्कलीत एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या मेल सर्व्हरसाठी लिहिली. ती इतकी सोयीची निघाली की युनिक्समधल्या बाकीच्या प्रोग्रामांनीही उचलली. प्रत्येक मेसेजवर दोन शिक्के असतात. पहिला फॅसिलिटी, म्हणजे मेसेज कुठल्या खात्यातून आला: कर्नल, मेल, डीमन, ऑथ, क्रॉन, आणि आपल्या मर्जीने वापरायला लोकल० ते लोकल७. दुसरा सिव्हिॲरिटी, म्हणजे प्रकरण किती गंभीर: ० म्हणजे यंत्रणा कोसळली, ७ म्हणजे डीबगची बडबड. आकडा जितका लहान तितकं संकट मोठं, हे सुरुवातीला उलटं वाटतं.

नेटवर्कवरून जाताना हे दोन्ही शिक्के एका आकड्यात बसवतात: फॅसिलिटी गुणिले ८ अधिक सिव्हिॲरिटी. उबुंटूवर कुणी एसएसएचने यशस्वी लॉगिन केलं की मेसेजच्या सुरुवातीला <३८> दिसतं. ऑथचा क्रमांक ४, साध्या माहितीचा ६; ४ गुणिले ८ अधिक ६. पुढे पॅकेट उघडून बघायची वेळ आली की हे गणित कामी येतं.

मेसेजचे दोन साचे चालतात. जुना साचा २००१ च्या आरएफसी ३१६४ मध्ये नोंदवला गेला (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धती नोंदवणारे क्रमांकित दस्तऐवज). त्यातल्या तारखेत वर्ष नाही आणि टाइमझोनही नाही. नवा २००९ च्या आरएफसी ५४२४ मधला. त्यात दोन्ही आहेत. सिसलॉगचं काम करणारा आरसिसलॉग हा प्रोग्राम रायनर गेरहार्ड्स यांनी २००४ मध्ये सुरू केला आणि आज बहुतेक लिनक्सवर तोच भेटतो. सिसलॉग-एनजी हाही चांगला पर्याय आहे, पण नवख्याने आधी जे हाताशी आहे तेच शिकावं.

लॉग सर्व्हर कसा असावा

एकटा असावा. त्यावर वेबसाइट नको, डेटाबेस नको, ऑफिसचं फाइल-शेअरिंग नको. जितकी दारं कमी तितका तो शिरायला अवघड. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याचे पासवर्ड आणि एसएसएचच्या किल्ल्या वेगळ्या असू द्या. वेब सर्व्हरवर पडलेल्या किल्लीनेच लॉग सर्व्हर उघडत असेल, तर घुसखोर पाच मिनिटांत तिथेही पोचेल आणि आपली सगळी मेहनत वाया. ही एक गोष्ट पाळणार नसाल तर पुढच्या मांडणीचा अर्धा उपयोग संपला.

दहा-पंधरा सर्व्हरांसाठी लहानसं व्हर्च्युअल मशीन पुरतं, रॅम फारशी लागत नाही. डिस्कचा मात्र हिशेब करा. भारतात काम करत असाल तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात. एका सर्व्हरचा दिवसाचा लॉग ५० एमबी धरला तर दहा सर्व्हरांचे १८० दिवसांचे ९० जीबी होतात. जीझिपने मजकूर खूप आक्रसतो, तरी सुरुवातीला अंदाज न दाबलेल्या आकड्यावरच करा. व्हार-लॉगला वेगळं पार्टिशन द्या. लॉग वाढून डिस्क भरलीच तर निदान मशीन चालू राहील.

आधी घड्याळ

ही पायरी लोक गाळतात. पण तीन सर्व्हरांचे लॉग शेजारी ठेवून 'आधी काय झालं' हे शोधायला बसल्यावर घड्याळं दोन मिनिटांनी वेगळी निघाली, तर त्या लॉगांना अर्थच उरत नाही. प्रत्येक मशीनवर टाइमडेटसीटीएल ही कमांड चालवा. उत्तरात सिस्टमचं घड्याळ सिंक झालंय असं लिहिलेलं दिसलं पाहिजे. नसेल तर घड्याळ जुळवत राहणारं क्रोनी हे पॅकेज टाका. त्याच सर्ट-इन निर्देशांत घड्याळं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या एनटीपी (नेटवर्कवरून वेळ देणाऱ्या) सर्व्हरशी जुळवायला सांगितलंय. क्रोनीच्या कॉन्फिगमध्ये त्यांचे पत्ते घालता येतात.

टाइमझोनचंही आत्ताच ठरवा. क्लाउडवरची मशीनं बहुधा यूटीसीवर येतात, ऑफिसातली भारतीय वेळेवर लावलेली असतात. साडेपाच तासांच्या फरकाने तारीखच बदलते: आपल्याकडे ५ तारखेच्या पहाटे २ वाजता घडलेली गोष्ट यूटीसीवरच्या मशीनला ४ तारखेच्या रात्री साडेआठला घडलेली दिसते. जुन्या साच्यात टाइमझोन लिहिलेलाच नसल्याने नंतर ते कळायला मार्ग नाही. सगळी मशीनं एकाच झोनवर ठेवा, कुठल्या ते तुमच्या मर्जीवर. मला यूटीसी आवडतं, पण रात्री फोन आल्यावर डोक्यात साडेपाच तास मिळवायचा कंटाळा असेल तर भारतीय वेळही चालेल.

घेणारी बाजू

लॉग सर्व्हरवर आधी आरसिसलॉग आहे का ते पाहा. उबुंटू सर्व्हरवर असतो. डेबियन १२ पासून तो आपोआप येत नाही, तिथे सगळं जर्नलडीकडे, म्हणजे सिस्टमडीच्या स्वतःच्या लॉग-यंत्रणेकडे, जातं. तेव्हा ॲप्टने आरसिसलॉग हे पॅकेज टाकून घ्या.

आता ईटीसी फोल्डरमधली आरसिसलॉग.कॉन्फ ही मुख्य फाइल उघडा. वरच्या भागात आय-एम-यू-डी-पी आणि आय-एम-टी-सी-पी या नावांच्या ओळी # लावून निजवून ठेवलेल्या दिसतील. टीसीपीच्या दोन ओळींपैकी फक्त मॉड्यूल लोड करणारी ओळ जागी करा, म्हणजे पुढचं # काढा. पोर्ट उघडणारी इनपुटची ओळ तशीच निजू द्या. इंटरनेटवरचे बरेच धडे दोन्ही उघडायला सांगतात. तसं केलं की बाहेरून येणारे मेसेज लॉग सर्व्हरच्या स्वतःच्या सिसलॉग फाइलीत मिसळतात आणि तो गुंता नंतर सोडवत बसावा लागतो.

इनपुट आपण वेगळ्या फाइलीत लिहू. ईटीसीमध्येच आरसिसलॉग.डी नावाचं फोल्डर आहे. त्यात '१०-रिमोट.कॉन्फ' अशी फाइल बनवा. शेवटी डॉट कॉन्फ हवंच, नाहीतर ती वाचलीच जात नाही. या फाइलीत क्रमाने तीन गोष्टी येतात.

पहिली टेम्प्लेट: आलेला मेसेज कुठल्या फाइलीत टाकायचा याचा नमुना. माझ्या पसंतीचा असा:

/व्हार/लॉग/रिमोट/%फ्रॉमहोस्ट-आयपी%/%$इयर%-%$मंथ%-%$डे%.लॉग

म्हणजे प्रत्येक सर्व्हरचं वेगळं फोल्डर आणि रोजची वेगळी फाइल. फोल्डरला सर्व्हरच्या नावाऐवजी आयपी का? कारण मेसेजमधलं होस्टनेम पाठवणारा स्वतः लिहितो आणि ते काहीही लिहू शकतो. आयपी आरसिसलॉग जोडणीवरून घेतो, आणि टीसीपीवर तो खोटा घालणं बरंच अवघड आहे. अपवाद एवढाच की पाठवणारे सगळे एकाच नॅटच्या मागे असतील (म्हणजे राउटर त्यांना एकाच पत्त्याने बाहेर पाठवत असेल) तर सगळ्यांचा पत्ता एकच दिसेल. तेव्हा नाइलाजाने होस्टनेम वापरा.

दुसरी रूलसेट: एक नाव द्या, समजा 'रिमोट', आणि आत एकच ॲक्शन ठेवा. ॲक्शनचा प्रकार ओ-एम-फाइल, डायनाफाइलच्या जागी वरच्या टेम्प्लेटचं नाव, आणि लिहिण्याचा साचा म्हणून आरसिसलॉगमधला तयार 'आरसिसलॉग_फाइलफॉरमॅट', ज्यात वर्ष आणि टाइमझोनसकट पूर्ण वेळ येते. इथेच डायनाफाइल-कॅश-साइज वाढवून ठेवा. न सांगता तो १० असतो. सर्व्हर दहापेक्षा जास्त झाले की आरसिसलॉग सारखा एक फाइल बंद करून दुसरी उघडत बसतो.

तिसरी गोष्ट इनपुट: प्रकार आय-एम-टी-सी-पी, पोर्ट ५१४, आणि रूलसेट 'रिमोट'. या शेवटच्या शब्दामुळे बाहेरचे मेसेज फक्त आपल्या रूलसेटकडे जातात आणि सर्व्हरच्या घरच्या लॉगला हात लावत नाहीत.

(टीसीपीचं ५१४ कागदोपत्री आरएसएच या जुन्या, असुरक्षित रिमोट शेलचं आहे. ते आता कुणी वापरत नसल्याने सगळ्यांनी ते सिसलॉगसाठी बळकावलंय.)

फोल्डर हाताने बनवा आणि मालकी बघा. उबुंटूवर आरसिसलॉग रूट म्हणून न चालता 'सिसलॉग' या वापरकर्त्याच्या नावाने चालतो, म्हणून रिमोट फोल्डरचा मालक सिसलॉग आणि ग्रुप एडीएम करा. फोल्डर व्हार-लॉगच्या आतच असू द्या. दुसरीकडे ठेवलंत तर उबुंटूचं ॲपआर्मर (प्रोग्रामाला ठरलेल्या फाइलींपलीकडे जाऊ न देणारी सुरक्षा) लिहू देणार नाही, आणि त्या चुकीचा संदेश तुम्ही शोधाल तिथे सापडणार नाही.

रीस्टार्टच्या आधी कॉन्फिग तपासायची सवय लावा:

सुडो आरसिसलॉगडी -एन१

कंस किंवा अवतरणचिन्ह विसरलं असेल तर ओळ क्रमांकासकट सांगतो. सगळं ठीक असेल तर सिस्टमसीटीएलने रीस्टार्ट करा आणि 'एसएस -एलटीएन' चालवून ५१४ वर कुणी ऐकतंय का ते बघा.

फायरवॉलमध्ये हे पोर्ट फक्त आपल्या नेटवर्कसाठी उघडा:

सुडो यूएफडब्ल्यू अलाउ फ्रॉम १९२.१६८.१०.०/२४ टू एनी पोर्ट ५१४ प्रोटो टीसीपी

यूएफडब्ल्यू पहिल्यांदाच सुरू करत असाल तर आधी एसएसएचला परवानगी द्या, मग इनेबल करा. नाहीतर स्वतःलाच बाहेर कोंडून घ्याल. आणि ५१४ इंटरनेटला कधीच उघडं ठेवू नका. साधा सिसलॉग ओळख विचारत नाही. कुणीही येऊन कचरा ओतेल आणि डिस्क भरेल.

पाठवणारी बाजू

आता वेब सर्व्हरवर या. आरसिसलॉग.डी फोल्डरमध्ये '९०-पाठवा.कॉन्फ' बनवा (नाव खरोखरीच्या फाइलीत इंग्रजी अक्षरांत द्या) आणि तिच्यात एकच ओळ लिहा:

*.* @@१९२.१६८.१०.५:५१४

पहिला तारा सगळ्या फॅसिलिटी, दुसरा सगळ्या सिव्हिॲरिटी. दोन @ म्हणजे टीसीपी. एकच @ लिहिलंत तर यूडीपी. यूडीपीमध्ये मेसेज पाठवला की पाठवला, पोचला की नाही हे कुणी विचारत नाही. एक @ राहून गेला तर आपला लॉग सर्व्हर टीसीपीवर कान लावून बसलेला आणि मेसेज यूडीपीने जाणारे, असं होतं. कुठेही चूक दिसत नाही आणि लॉगही येत नाही. न येणाऱ्या लॉगचं कारण शोधताना पहिल्यांदा हे @ मोजा.

रीस्टार्ट करा आणि लॉगर या कमांडने एक चाचणी मेसेज टाका: 'लॉगर', त्यापुढे कुठलंही वाक्य. लॉग सर्व्हरवर रिमोट फोल्डरमध्ये त्या आयपीच्या नावाने फोल्डर आणि आजच्या तारखेची फाइल उगवलेली दिसेल, शेवटच्या ओळीत तुमचं वाक्य.

बहुतेक जण इथे थांबतात. लॉग पाठवणं एवढंच सोपं आहे. अवघड आहे ते लॉग सर्व्हर बंद असताना काय होतं ते सांभाळणं. आणि तो बंद पडणारच. अपडेट, वीज, स्विच, काही ना काही होतं. वरच्या एका ओळीला मागे रांग नाही. सर्व्हर दिसेनासा झाला की आरसिसलॉग थोडा वेळ थांबतो, पुन्हा प्रयत्न करतो, आणि मधल्या काळातल्या नोंदी कायमच्या जातात. म्हणजे नेमकं काही बिघडतं तेव्हाचेच लॉग हरवतात.

म्हणून चाचणी झाली की ती ओळ काढून टाका (ठेवलीत तर प्रत्येक नोंद दोनदा जाईल) आणि तिच्या जागी रांग असलेली ॲक्शन लिहा. प्रकार ओ-एम-एफ-डब्ल्यू-डी, टार्गेट लॉग सर्व्हरचा पत्ता, पोर्ट ५१४, प्रोटोकॉल टीसीपी, आणि रांगेसाठी ही मूल्यं:

– क्यू.टाइप: लिंक्डलिस्ट. रांग मेमरीत राहते.
– क्यू.फाइलनेम: काहीतरी नाव. हे दिलं तरच मेमरी भरल्यावर रांग डिस्कवर उतरते. फाइली व्हार-स्पूल-आरसिसलॉग फोल्डरमध्ये जातात. दोन ठिकाणी लॉग पाठवत असाल तर दोन्ही ॲक्शनांना वेगळी नावं द्या.
– क्यू.मॅक्सडिस्कस्पेस: १जी. ही मर्यादा नसेल तर लॉग सर्व्हर आठवडाभर बंद राहिल्यावर वेब सर्व्हरचीच डिस्क भरते.
– क्यू.सेव्हऑनशटडाउन: ऑन.
– क्यू.टाइमआउटएनक्यू: ०. रांगही पूर्ण भरली तर थांबून न राहता नवा मेसेज सोडून दे.
– ॲक्शन.रिझ्यूमरिट्रायकाउंट: -१, म्हणजे कितीही वेळ लागो, प्रयत्न सोडू नकोस.

या शेवटच्या -१ बद्दल धोक्याची सूचना. रांग न देता नुसतं -१ लिहिलं, तर लॉग सर्व्हर बंद पडल्यावर आरसिसलॉग त्या एका ॲक्शनपाशीच अडून राहतो. मागची मुख्य रांग तुंबते, आणि शेवटी जे प्रोग्राम लॉग लिहायला येतात तेही खोळंबतात. एसएसएच प्रत्येक लॉगिनची नोंद लिहितो, त्यामुळे लॉगिनसुद्धा अडकू शकतं. एक लॉग सर्व्हर बंद, आणि त्यामुळे कुठल्याच सर्व्हरवर आत जाता येत नाही, असा हा प्रकार. निदान करायलाही बाहेरून कन्सोल लागतो.

रांग लागली की ती खरंच चालते का ते पाहा. लॉग सर्व्हरवर आरसिसलॉग बंद करा. वेब सर्व्हरवरून लॉगरने आकडे घातलेले दहा-वीस मेसेज पाठवा. थोडं थांबून लॉग सर्व्हर पुन्हा सुरू करा आणि सगळे आकडे आलेत का मोजा. रांगेने आलेल्या नोंदींवर घडल्याची वेळ असते, पोचल्याची नाही, हेही इथेच दिसेल. मात्र त्या पडतात पोचल्या त्या दिवसाच्या फाइलीत. मध्यरात्रीच्या आसपासची घटना शोधताना दोन्ही दिवसांच्या फाइली उघडा.

मोजताना एखादा मेसेज कमी भरला तर दचकू नका. टीसीपीत मेसेज कर्नलच्या बफरमध्ये गेला की आरसिसलॉगच्या दृष्टीने तो 'गेला'. तार नेमकी त्या क्षणी तुटली तर बफरमधलं हरवू शकतं. प्रत्येक मेसेजची पोच हवी असेल तर गेरहार्ड्स यांनीच बनवलेला आरईएलपी हा प्रोटोकॉल आहे; वेगळं पॅकेज टाकावं लागतं, मांडणी जवळपास अशीच. पैशांचे व्यवहार नोंदवत असाल तर तो घ्या. बाकीच्यांना रांग असलेला टीसीपी पुरेसा आहे असं माझं मत.

कोण वाचतंय?

आतापर्यंतचं सगळं नेटवर्कवरून उघड जातं. 'लॉगमध्ये काय असतं एवढं?' असं वाटत असेल तर एक उदाहरण. घाईत लोक युजरनेमच्या जागी पासवर्ड टाइप करतात. एसएसएच प्रामाणिकपणे नोंद करतो की अमुक नावाचा वापरकर्ता अस्तित्वात नाही, आणि ते अमुक नाव म्हणजे कुणाचा तरी पासवर्ड असतो. पुढच्याच ओळीत त्याच आयपीवरून झालेलं यशस्वी लॉगिन, म्हणजे खरं युजरनेमही.

म्हणून रिमोट फोल्डर सगळ्यांना वाचता येईल असं ठेवू नका, आणि लॉग ऑफिसच्या बाहेरून जाणार असतील तर टीएलएस, म्हणजे वाटेतला मजकूर कूटबद्ध करणारी पद्धत, लावा. त्याचं ठरलेलं पोर्ट ६५१४, आणि उबुंटू-डेबियनवर आरसिसलॉग-जीएनयूटीएलएस हे पॅकेज लागतं. आपलं स्वतःचं सर्टिफिकेट ऑथॉरिटी बनवून प्रत्येक मशीनला सर्टिफिकेट द्यायचं आणि दोन्ही बाजूंनी नाव तपासायचं. सर्टिफिकेटची मुदत संपली की लॉग यायचे बंद होतात आणि वेबसाइटसारखा ब्राउझर ओरडत नाही; मुदतीची तारीख कॅलेंडरवर टाकून ठेवा. दोन-चारच सर्व्हर असतील तर मी टीएलएसच्या भानगडीत न पडता वायरगार्ड या व्हीपीएनचा कूटबद्ध बोगदा टाकून त्यातून साधा टीसीपी पाठवेन. कॉन्फिग बदलावं लागत नाही, फक्त पत्ता बदलतो.

१८० दिवस

फाइलीच्या नावात तारीख घातल्यामुळे लॉगरोटेटची (जुन्या लॉग फाइली बदलणाऱ्या प्रोग्रामची) गरज उरत नाही. रोज रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सेवेतून) फाइंडच्या दोन कमांड पुरतात: दोन दिवसांपेक्षा जुन्या फाइली जीझिप करणारी, आणि १९० दिवसांपेक्षा जुन्या पुसणारी. वरचे दहा दिवस माझ्या समाधानासाठी. जीझिप फाइलीची मूळ वेळ तशीच ठेवतो, त्यामुळे दाबलेल्या फाइलींचं वयही बरोबर मोजलं जातं. पुसणारी कमांड पहिल्यांदा डिलीटच्या जागी प्रिंट लिहून चालवा आणि यादी डोळ्यांखालून घाला. जुन्या फाइलींत शोधायला त्या उघडाव्या लागत नाहीत, झेडग्रेप थेट आत शोधतो.

गप्प झालेला सर्व्हर

लॉगमध्ये चूक दिसली तर आपण बघतो. लॉग यायचेच थांबले तर काहीच दिसत नाही आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. घुसखोरही आधी आरसिसलॉग बंद करायला बघतो. तेव्हा प्रत्येक सर्व्हरवर क्रॉनने दर तासाला लॉगरमधून एक ठरलेलं वाक्य पाठवा, आणि लॉग सर्व्हरवर एक छोटी स्क्रिप्ट ठेवा: आयपींची यादी घ्यायची, प्रत्येकाच्या फोल्डरमध्ये गेल्या दोन तासांत बदललेली फाइल आहे का ते फाइंडने बघायचं, नसेल तर मेल करायचा. सर्ट-इनच्या निर्देशांत सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आहे. लॉग बंद पडल्याचं तुम्हाला चौथ्या दिवशी कळणार असेल तर पुढचं सगळंच अवघड होतं.

लॉग येत नसतील तर

@ मोजून झाले असतील तर लॉग सर्व्हरवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारा प्रोग्राम) लावून पोर्ट ५१४ बघा. काहीच येत नसेल तर दोष पाठवणाऱ्या बाजूला, वाटेत किंवा क्लाउडच्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये. जोडणीची विनंती येताना दिसते पण उत्तर जात नाही, तर लॉग सर्व्हरचीच फायरवॉल अडवतेय. टीसीपीडंपला पॅकेट फायरवॉलच्या आधी दिसतं, त्यामुळे 'डंपमध्ये दिसतंय म्हणजे फायरवॉल उघडी आहे' असं समजू नका. मेसेज पूर्ण येतोय पण फाइल बनत नाही, तर फोल्डरची मालकी, मग ॲपआर्मर. रेड हॅटच्या कुळातल्या लिनक्सवर ॲपआर्मरच्या जागी एसईलिनक्स असतं. तिथे ५१४ सोडून स्वतःच्या मनाचं पोर्ट घेतलं तर सीमॅनेजने त्याची नोंद करावी लागते.

थोडे येतात, थोडे गायब होतात, तेही फक्त गर्दीच्या वेळी? मग जर्नलडीची मर्यादा बघा. एका सेवेने ३० सेकंदांत १०,००० पेक्षा जास्त नोंदी केल्या की तो वरच्या टाकून देतो आणि किती टाकल्या ते लिहून ठेवतो. मर्यादा वाढवता येते, पण इतकं बडबडणारा प्रोग्राम आधी बघा.

एनजिनएक्स आणि अपाचेचे ॲक्सेस लॉग मुळात सिसलॉगकडे जातच नाहीत, ते स्वतःच्या फाइलीत लिहितात. ते हवे असतील तर आरसिसलॉगचं आय-एम-फाइल हे मॉड्यूल त्या फाइलीवर नजर ठेवून नव्या ओळी उचलतं. त्यांना लोकल० ते लोकल७ पैकी एक फॅसिलिटी द्या, म्हणजे वेगळे ओळखता येतील.

राउटर, स्विच, यूपीएस यांपैकी बरेच फक्त यूडीपी बोलतात. त्यांच्यासाठी आय-एम-यू-डी-पी मॉड्यूल आणि वेगळं इनपुट उघडा, रूलसेट तोच चालेल. फ्रीबीएसडीचा मूळ सिसलॉगडीही फक्त यूडीपीने पाठवतो, म्हणून तिथे ईटीसीतल्या सिसलॉग.कॉन्फमध्ये एकच @ लिहायचा. आणि बँकांत अजून भेटणाऱ्या एआयएक्सवर (आयबीएमच्या युनिक्सवर) ती फाइल मुळात रिकाम्यासारखीच येते, सगळ्या ओळी # लावलेल्या. तिथला सिसलॉगडी नसलेली लॉग फाइल स्वतः बनवत नाही. स्थानिक फाइलही ठेवायची असेल तर आधी टचने ती बनवा, मग 'रिफ्रेश -एस सिसलॉगडी' चालवा.